चष्मा आहे, तरी वैमानिक होता येईल?

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे. तिला वैमानिक व्हायचंय, पण चष्मा आहे. नातेवाईक नाद सोडा म्हणतात. घर तारण ठेवून कर्ज काढावं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : चष्म्याची काळजी सोडा. हवाई दलाचे निकष कडक आहेत, पण नागरी विमानसेवेत चष्म्याने नजर निकषाइतकी सुधारत असेल तर चालते. रंग ओळखण्यातला दोष मात्र अडचणीचा ठरतो. म्हणून फी भरण्याआधी ‘डीजीसीए’ची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) वर्ग दोन आणि वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच.

खरा विचार पैशांचा आहे. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा वर जातो, विशिष्ट विमान चालवण्यासाठीच्या ‘टाइप रेटिंग’चा खर्च बहुधा वेगळा. २०२३ मध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, मग नोकऱ्या भरपूर, असं कुणी म्हणेल. पण त्याच वर्षी गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज. तेव्हा अनुभवी वैमानिकही नोकरी शोधत होते. नवख्यांना थांबावं लागणारच. म्हणून राहतं घर तारण ठेवू नका. मुलीने आधी घरी अभ्यास करून डीजीसीएचे लेखी पेपर द्यावेत, जोडीला पदवी सुरू ठेवावी. गोंदिया, बारामतीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्था स्वतः पाहा. विमानं किती उडतात, २०० तासांना प्रत्यक्षात किती महिने लागतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.