कूस बदलताच येणारी घेरी

पहाटे मिस्सेसाठी उठावे, कूस बदलावी, आणि आढे-भिंती गरगर फिरू लागाव्यात. अर्ध्या-पाऊण मिनिटात सारे शांत! पन्नाशीनंतर ही तक्रार पुष्कळांची असते. कोणी पित्त म्हणते, कोणी अशक्तपणा, आणि शक्तीच्या गोळ्या सुरू होतात. दोष मात्र बहुधा कानात असतो.

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रिये आहेत. तेथे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, अतिसूक्ष्म खडे असतात. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटतात व शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. नळीत पाण्यासारखा द्रव असतो. मान हलली की खडे घरंगळतात, द्रव ढवळतो, आणि शरीर फिरत असल्याची खोटी वर्दी मेंदूला जाते. खडे तळाशी बसले की घेरी थांबते.

गोळीने मळमळ कमी होईल, पण खडे नळीबाहेर येणार नाहीत. ते मान वळवून बाहेर काढावे लागतात. अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली रीत आज सर्वत्र वापरतात. कानाचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आधी रुग्णाला झटकन आडवे करून डोळ्यांची थरथर पाहतात व कोणता कान बिघडला ते ठरवतात. उजवा असेल तर मान उजवीकडे अर्धी वळवून, डोके खाटेच्या कडेखाली किंचित झुकेल असे उताणे निजवतात. मग मान डावीकडे. मग सारे अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे. शेवटी उठवून बसवतात. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबायचे. मध्ये घेरी येतेच, घाबरू नये. पुष्कळांना एकदोन बैठकींतच गुण येतो. पुढे पुन्हा उद्भवल्यास तीच रीत. पहिल्यांदा मात्र जाणत्याच्याच हातून करून घ्यावी, आणि मानेचे दुखणे असल्यास आधीच सांगावे.

तोवर गवताच्या गंजीवर, शिडीवर, झाडावर चढू नये. विहिरीच्या काठावर वाकू नये. ट्रॅक्टर व मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती द्यावी. वर पाहून आंबे काढणे हे तर घेरीला आमंत्रणच. उठताना आधी खाटेच्या कडेवर मिनिटभर बसावे.

परंतु घेरीबरोबर जीभ जड झाली, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, एकाएकी तीव्र डोके दुखले किंवा उभेच राहवेना, तर हा आजार तो नव्हे. मग सकाळची वाट न पाहता रुग्णाला मोठ्या इस्पितळात न्यावे.