बोअरच्या पंपाचे बुश लवकर का झिजतात?

प्रश्न : आमच्या बोअरच्या पंपाचे बुश दोनच उन्हाळ्यांत झिजले, शाफ्टवरही चरे पडलेत. बुश हलके होते का?
— एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : बुश हलके असू शकतात, पण चरे पाहता मुख्य कारण पाण्यातला गाळ दिसतो. सबमर्सिबल पंपात बुशला वंगण पाण्याचेच. मोटार मिनिटाला सुमारे २८८० फेऱ्या घेते, तेव्हा शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. वाळूचे कठीण कण त्यात शिरले की मऊ बुशमध्ये रुततात आणि कानशीसारखे शाफ्टला कोरतात. लातूर-नांदेडकडे उन्हाळ्यात पातळी खोल गेली की पंप कोरडा फिरतो. मग थर तुटतो, धातू धातूला चिकटून उपटला जातो.

झिजेविषयीच्या आर्चर्ड यांच्या १९५३च्या नियमानुसार भार आणि घासण्याचे अंतर वाढले की झीज वाढते, पृष्ठभाग कठीण असला की घटते. म्हणून गाळ आणि कोरडे फिरणे दोन्ही टाळा : पॅनलमध्ये ड्राय रन संरक्षण घ्या, पंप तळाच्या गाळापासून वर टांगा, गढूळ पाणी येत असेल तर बोअर फ्लशिंग करून घ्या. चरे पडलेल्या शाफ्टवर नवे बुश मात्र बसवू नका. तेही तितक्याच लवकर जातील.