कारखान्याला विचारायचं, पण कारखान्यात कोणाला?

प्रश्न : आम्ही लोहाऱ्याला राहतो. एमआयडीसीत पाळीला जाणारी माणसं रोज दारावरून जातात. माझा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, ‘वर्कशॉपमध्ये शिकतो ते वेगळं आणि कंपनीतलं मशीन वेगळं.’ आयटीआयचा अभ्यासक्रम ठरवताना कारखान्यांना कोणी विचारतं का? विचारत असतील, तर हा फरक का राहतो?
– एक पालक, लोहारा (जि. यवतमाळ)

उत्तर : विचारतात, आणि त्याचा पुरावा तुमच्या मुलाच्या अभ्यासक्रमातच सापडेल. केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम फुकट मिळतो. त्याची शेवटची पानं उघडा. अभ्यासक्रम तयार करायला कोण कोण बसलं होतं, त्यांची यादी तिथे असते. त्यात निदेशक आणि सरकारी अधिकारी असतात, तशी कंपन्यांतली माणसंही असतात. हे काम कोलकात्याची केंद्रीय संस्था पाहते आणि तोच अभ्यासक्रम देशभर चालतो. त्याचा मोठा फायदा असा, की यवतमाळात शिकलेल्या मुलाचं प्रमाणपत्र चाकणलाही चालतं आणि चेन्नईलाही. पण अख्ख्या देशासाठी एकच माप शिवलं, की लोहाऱ्याच्या अंगाला ते कुठेतरी सैल होतंच.

ही ढिलाई स्थानिक पातळीवर भरून निघावी म्हणून आणखी एक सोय केली गेली. 2007-08 पासून केंद्र सरकारने देशातल्या 1,396 सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायला घेतल्या. प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं आणि कारभारासाठी संस्था व्यवस्थापन समिती नेमली. तिचं अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे ठेवलं. 2022 पासून अभ्यासक्रमात वर्षाला 150 तास प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण किंवा गटाने करायचा प्रकल्प सक्तीचा झाला. आता 2025 मध्ये एक हजार सरकारी आयटीआयसाठी 60,000 कोटींची नवी योजना मंजूर झाली आहे. तिच्यातही उद्योगांना पैसा आणि जबाबदारी, दोन्हींत वाटा आहे.

मग फरक राहतो कुठे? तुमच्या मुलाच्याच ट्रेडमधलं एक उदाहरण घेऊ.

मोठी मोटर एकदम सुरू केली, तर ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. म्हणून वर्कशॉपमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर शिकवतात. आधी वाइंडिंग स्टारमध्ये जोडायचं, म्हणजे लाइनवरचा करंट एक-तृतीयांशावर येतो. मोटरने वेग धरला, की डेल्टावर न्यायचं. कॉन्टॅक्टर बदलताना जो ‘खट्’ आवाज येतो, तो मुलाच्या कानात बसलेला असतो. आता लोहारा एमआयडीसीतल्या रेमंडच्या डेनिम कारखान्यासारखी जागा डोळ्यांपुढे आणा. डेनिमचं ताण्याचं सूत दोरासारखं एकत्र करून निळीच्या एकामागून एक टाक्यांतून बुडवत, पिळत आणि हवेवर घेत पुढे नेतात. अशा रांगेतल्या सगळ्या मोटरांचा वेग एकमेकींशी जुळलेला लागतो. एक मोटर किंचित मागे पडली, तरी सुताचा ताण बिघडतो आणि सूत तुटतं. हे काम स्टार-डेल्टाचं नाही, ड्राइव्हचं आहे. तिथे वारंवारता कमी-जास्त करून वेग साधतात.

गंमत अशी, की ड्राइव्ह अभ्यासक्रमात आहे. कारखान्यांनी मागितलं आणि कागदावर ते आलंही. पण एका तुकडीत वीस मुलं आणि समोर ड्राइव्हचं एकच पॅनल असेल, तर एकाच्या हाताला किती मिनिटं येणार? शिकवणारे सर स्वतः कित्येक वर्षांत कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर गेले नसतील, तर बंद पडलेल्या ड्राइव्हपुढे काय होतं ते कुठून सांगणार? म्हणजे विचारणं कागदावर पोचतं, यंत्रापर्यंत उशिरा पोचतं आणि माणसापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. तुमच्या मुलाला जाणवतोय तो हा उशीर.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. आपण कारखान्याला विचारतो खरं, पण कारखान्यात नेमकं कोणाला विचारतो? बैठकीला बहुधा मनुष्यबळ विभागाचे साहेब येतात. मुलं वेळेवर यावीत, नीट बोलावीत, टिकून राहावीत, असं ते सांगतात. हे चुकीचं नाही, पण त्यातून वर्कशॉपचा एकही धडा बदलत नाही. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याला विचारून पाहा. गेल्या महिन्यात काय बंद पडलं, नवा मुलगा तिथे कुठे अडला, त्याने आधी सप्लाय तपासला की थेट कार्ड उपसलं, हे तो पाच मिनिटांत सांगेल. अभ्यासक्रम सुधारायला लागते ती ही माहिती. जर्मनीत हे कायद्यानेच बांधलं आहे. 1969 च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार तिथल्या परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात, सोबत शिक्षकही असतो. मुलाला काम येतं का, हे ठरवताना काम करणाऱ्याचं मत तिथे मोजलं जातं.

आणि ज्यांना कधी बोलावणंच जात नाही, त्यांचं काय? आपला जिल्हा कापसाचा. हंगामात जिनिंग दिवसरात्र चालतात. डबल रोलर जिनमध्ये कापूस फिरत्या रोलरला चिकटून स्थिर पात्याखाली ओढला जातो आणि हलतं पातं सरकी झटकून वेगळी करतं. रोलर आणि पात्यांचं सेटिंग जरा चुकलं, की सरकी फुटते, धागा तुटतो आणि रुईचा भाव पडतो. हे सेटिंग जाणणारा फिटर उस्तादाच्या हाताखाली तयार होतो. कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था ‘सिरकॉट’ नागपूरला जिनिंगचं खास प्रशिक्षण केंद्र चालवते. म्हणजे हे काम वर्गात शिकवता येतं. पण जिनिंगवाल्याकडे मनुष्यबळ विभाग नसतो आणि बैठकीचं पत्रही त्याच्या दारी जात नाही. यवतमाळात ‘उद्योगाला विचारलं’ असं म्हणायचं असेल, तर जिनिंगचा फिटर, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि ट्रॅक्टरचं गॅरेज हेही उद्योगच आहेत.

एक धोकाही सांगायला हवा. कारखान्याला आजचा माणूस आजच्या मशीनसाठी हवा असतो. तुमच्या मुलाला मात्र पुढची चाळीस वर्षं काम करायचं आहे. तेवढ्या काळात ड्राइव्हचे ब्रँड किती बदलतील, कोण सांगणार? ज्याला एकाच कंपनीच्या ड्राइव्हची बटणं पाठ आहेत, तो ब्रँड बदलला की थबकतो. मोटर सुरू होताना जास्त करंट का खेचते, हे ज्याला मुळापासून कळलंय, तो कोणताही ड्राइव्ह आठवड्याभरात हाताळू लागतो. म्हणून स्टार-डेल्टाचा तो ‘खट्’ जुना झाला म्हणून टाकून देऊ नका. यंत्र कोणतं, हे उद्योगाने सांगावं. मुळातलं काय सोडायचं नाही, हे मात्र शिक्षकाने ठरवावं. एकाला विचारून दुसऱ्याला गप्प बसवलं, तर नुकसान मुलाचं होतं.

आता तुम्हाला करता येण्यासारखं. प्राचार्यांना भेटा आणि विचारा, की व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि त्यामुळे वर्कशॉपमध्ये काय बदललं. पालकाने हे विचारणं गैर नाही. 150 तास मुलगा कुठे घालवणार, हे आधीच ठरवा. फक्त हजेरी लागेल अशी जागा नको, मेंटेनन्स विभाग मागा. पास झाल्यावर शिकाऊ उमेदवारी सोडू नका. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यानुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे ती जागा उपकाराची नसते.

आणि मुलाला एक साधी वही करायला सांगा. काय बंद पडलं, आधी काय तपासलं, दोष कुठे निघाला, कोणी कसा काढला, एवढंच रोज चार ओळींत लिहायचं. कामावरून परत आल्यावर ती वही त्याने सरांपुढे ठेवावी आणि सरांनी ती पुढच्या तुकडीला वाचून दाखवावी. समिती भरो न भरो, कारखाना त्या दिवशी वर्गात आलेला असेल.