काठीचा पाय

(काठी व कुबडी हे चालणाऱ्याचे आधार आहेत. त्यांच्या टोकाला बसवलेले छोटेसे रबर किती मोठे काम करते, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

पावसाळ्याचे दिवस होते. माझे अब्बा काठी टेकत अंगणातून घरात येत होते. ओल्या फरशीवर काठी सर्रकन सरकली आणि अब्बा कोसळले. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले.

त्यांना उठवताना ती काठी माझ्या हाती आली. टोकाचे रबर एका बाजूने पार झिजले होते आणि आतली धातूची नळी बाहेर डोकावत होती. घर्षणाचा धडा मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण घरातली काठी मात्र मी कधी उलटी करून पाहिली नव्हती!

मुलांनो, काठी सरळ उभी टेकली तर भार सरळ खाली जातो. पण चालताना काठी तिरपी होते. मग थोडा जोर जमिनीवर आडवाही पडतो. घर्षण त्या जोराला अडवून धरते. काठी जितकी तिरपी, तितका आडवा जोर जास्त. तो घर्षणापेक्षा वाढला की काठी सरकते.

काठीच्या रबराचा तळ नीट पाहा. त्यावर गोल गोल खाचा दिसतील. फरशी ओली असली, की रबर आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो व घर्षण कमी होते. खाचांमधून हे पाणी बाजूला सरते आणि रबर फरशीला टेकते. खाचा झिजल्या, की पाण्याला वाट उरत नाही. रबर जुने होऊन कडक झाले, तरी त्याची पकड कमी होते.

चिखलात आणि वाळूत वेगळीच अडचण येते. समजा, काठीवर 20 किलो भार आहे. टोक 2 चौरस सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 10 किलो भार पडतो आणि काठी रुतते. टोक 20 चौरस सेंटिमीटर असेल, तर तोच भार 1 किलो होतो.

मग सर्वच काठ्यांना रुंद तळ का लावत नाहीत? कारण रुंद आणि ताठ तळ काठी तिरपी होताच एका कडेवर उभा राहतो. आपला पाय मात्र घोट्यात वाकतो, म्हणून तळवा जमिनीला टेकलेला राहतो. हेच पाहून काही अभियंत्यांनी काठीलाही जणू घोटा दिला. ब्रिटनमधील 'फ्लेक्सिफूट' या टोकात हवेवर दबणारा रबरी भाग असतो. काठी कलली तरी त्याचा तळ जमिनीला टेकून राहतो आणि हाताला बसणारा धक्काही कमी होतो. बर्फाच्या प्रदेशात काठीला लोखंडी अणकुचीदार टोक जोडतात. मात्र घरात शिरताना ते दुमडावे लागते, नाहीतर तेच गुळगुळीत फरशीवर घसरते.

अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीचे काम तर अगदी उलटे असते. ती भार पेलत नाही, वाट शोधते. तिचे टोक जमिनीवर सहज फिरले पाहिजे. म्हणून काही काठ्यांना फिरणारा गोळा बसवतात. खड्डा, पायरी, खडी यांची खबर त्यातून हाताला मिळते. म्हणजेच, चांगले टोक कोणते, हे वापरणाऱ्याला विचारूनच ठरवावे लागते.

मी अब्बांच्या काठीला नवे रबर बसवले. त्याला फारसा खर्च आला नाही. पण अब्बांच्या मनातली भीती लवकर गेली नाही. कित्येक आठवडे ते उंबरठ्याबाहेर पडले नाहीत. एके दिवशी मी फरशीवर पाणी ओतले, काठी टेकवली आणि माझा सारा भार तिच्यावर टाकला. काठी जागची हलली नाही. अब्बा हसले व म्हणाले, "बेटा, चप्पल झिजली की आपण नवी घेतो. काठीही आपल्याबरोबर तितकीच चालते. मग तिलाच का विसरायचे?"

त्या संध्याकाळी अब्बा नाक्यापर्यंत फिरून आले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यांची काठी उलटी करून पाहतो.

शब्दार्थ
कुबडी – काखेत किंवा हातात धरून चालण्याचा आधार
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा
खाच – कोरलेली बारीक चर
रुतणे – चिखलात किंवा वाळूत आत जाणे
घोटा – पाऊल व पाय यांना जोडणारा सांधा

स्वाध्याय
1. अब्बांची काठी का सरकली?
2. रबराच्या तळावरील खाचांचा उपयोग कोणता?
3. पांढऱ्या काठीचे टोक वेगळे का असते?
4. वाक्यात उपयोग करा : डोकावणे, भार पेलणे, खबर मिळणे.
5. उपक्रम : तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी काठी वापरत असेल, तर त्यांची परवानगी घेऊन रबराचा तळ पाहा. काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.