ओरायनच्या पाच टाक्या: भरायच्या कशा, रित्या करायच्या कशा

पाणबुडीच्या मागावर दहा-बारा तास समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या विमानात इंधन किती आहे याला जेवढं महत्त्व, तेवढंच ते कुठल्या टाकीत आहे यालाही. अमेरिकी नौदलाच्या पी-३सी ओरायनवर हा हिशोब दोन्ही वैमानिकांच्या मधे, जरा मागे बसणारा फ्लाइट इंजिनिअर सांभाळायचा. इलेक्ट्रा या प्रवासी विमानावरून लॉकहीडने बेतलेलं चार इंजिनांचं ओरायन १९६२ मध्ये नौदलात दाखल झालं. गोव्यात दाबोळीवरून २०२३ पर्यंत उडणारं आयएल-३८ ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही घडण ओळखीची वाटेल: तेही प्रवासी विमानावरूनच बेतलेलं आणि चार टर्बोप्रॉपचंच. खाली दिलेली रीत मात्र ओरायनची.

सुरुवात टाक्यांपासून करू. डावीकडून उजवीकडे १ ते ४ अशा चार टाक्या पंखांत असतात, आणि प्रत्येक टाकी आपापल्या क्रमांकाच्या इंजिनाला इंधन पुरवते. बाहेरच्या दोन टाक्यांत प्रत्येकी सुमारे ६,१०० लिटर मावतं, आतल्या दोघींत सुमारे ६,३०० लिटर. पाचवी टाकी विमानाच्या पोटात आणि पंखांच्या मधल्या भागात. ती सगळ्यांत मोठी, सुमारे १०,००० लिटरची. पण तिच्यातून थेट एकाही इंजिनाला इंधन जात नाही. ते आधी पंखांतल्या टाक्यांत घ्यावं लागतं. सगळं मिळून सुमारे ३४,८०० लिटर, म्हणजे ६२,५०० पौंड. विमानाचं नेहमीचं भरलेलं वजन १,३५,००० पौंड धरलं, तर त्यातला जवळजवळ निम्मा भार इंधनाचाच. काटे वजनात लावलेले असतात, लिटरमध्ये नाही. ऊन लागलं की इंधन फुगतं, लिटर वाढतात. इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनावर ठरते.

आता किती भरायचं ते ठरवा. जायचं अंतर, यायचं अंतर, गस्तीच्या जागी काढायचे तास, आणि धावपट्टी बंद मिळाली तर दुसऱ्या तळापर्यंत पोचण्याची शिल्लक. टर्बाइन इंजिन खाली उडताना जास्त पितं, आणि पाणबुडीचा माग काढताना कित्येकदा अगदी लाटांजवळ उतरावं लागतं. म्हणून गस्तीचे तास उंचीवरच्या दराने मोजू नका. उतरतानाचं वजनही आत्ताच पाहून ठेवा. नेहमीच्या उतरण्याची मर्यादा १,०३,८८० पौंड आहे. १,३५,००० पौंडांनी निघालात, तर बेताने उतरण्याआधी ३१,००० पौंडांहून जास्त इंधन जळालेलं किंवा हवेत सोडून दिलेलं असायला हवं.

भरण्याआधी रडार आणि मोठे रेडिओ बंद आहेत याची खात्री करा. गस्ती विमानाच्या रडारचा झोत ताकदवान असतो, इंधनाच्या वाफेजवळ तो नको. मग अर्थिंग. आधी विमान आणि टँकर तारेने एकमेकांना जोडा, त्यानंतरच नॉझल लावा. नळीतून जोराने वाहणारं इंधन स्वतःच स्थिर वीज तयार करतं, तिला वाट हवी. नौदलाच्या जेपी-५ इंधनाचा ज्वलनबिंदू किमान ६० अंश सेल्सिअस असतो, त्यामुळे ते इतर विमान इंधनांपेक्षा सुरक्षित. तरी हा क्रम मोडायचा नाही. दाबाने भरणं सुरू झालं की लगेच झडपांची चाचणी घ्या: बटण दाबलं की प्रवाह थांबला पाहिजे. थांबला नाही, तर टाकी काठोकाठ भरल्यावरही तो थांबणार नाही. त्या वेळी भरणं बंद करून दुरुस्ती पाहा.

पूर्ण भार घ्यायचा नसेल, तर आधी पंखांतल्या टाक्या भरा, उरलं ते पाचवीत. यामागचं कारण या सगळ्या रीतीच्या मुळाशी आहे. उडताना पंख वर ओढले जातात आणि पोटाचं वजन खाली खेचतं. पंख जिथे जोडलेला असतो तिथे वाकवणारा ताण येतो. पंखातलं इंधन त्याच पंखाला खाली दाबून हा ताण हलका करतं. पोटातलं इंधन तो वाढवतं. याच विमानाचे पंख नौदलाला महागात पडले आहेत: डिसेंबर २००७ मध्ये बाहेरच्या पंखांच्या खालच्या भागात धातू थकल्याच्या शंकेवरून ३९ ओरायन एकदम जमिनीवर बसवावी लागली. वर्षानुवर्षं खाली, हादऱ्यांच्या हवेत उडणाऱ्या विमानात प्रत्येक टनाची जागा पंखाच्या आयुष्यातून वजा होते, आणि ही गोष्ट काट्यावर दिसत नाही.

भरून झाल्यावर पाणी तळाशी बसायला वेळ द्या, मग प्रत्येक टाकीच्या निचऱ्यातून काचेच्या बरणीत नमुना घ्या. बरणी फिरवून उजेडासमोर धरा. इंधन नितळ आणि चकचकीत दिसलं पाहिजे. तळाशी गोलसर थेंब सरकताना दिसला, तर ते पाणी. गढूळपणा असेल, तर पाणी अजून मिसळलेलंच आहे. स्वच्छ नमुना येईपर्यंत काढत राहा. उंचावर याच थेंबाचा बर्फ होऊन गाळणीत अडकतो.

उड्डाणानंतर पाचवी टाकी आधी रिकामी करायला घ्या. तिचे पंप चालू करा, पंखांतल्या टाक्यांकडे जाणाऱ्या झडपा उघडा आणि चारही काट्यांवर नजर ठेवा. एकीकडे काटा वर जात नसेल, तर ती झडप उघडलीच नाही असं समजा.

गस्तीच्या जागी पोचल्यावर खरी कसोटी. वजन कमी झालं की चार इंजिनं अर्धवट जोरावर चालवण्यापेक्षा तीन नीट जोरावर चालवणं स्वस्त पडतं. म्हणून पहिलं इंजिन बंद करतात आणि त्याचा पंखा वाऱ्याच्या धारेत वळवून ठेवतात. पहिलंच का? त्याच्यावर जनित्र नाही. विमानाची वीज उरलेल्या तिघांवर चालते. १५,००० फुटांवर चार इंजिनांनी सुमारे साडेबारा तास तग धरणारं विमान दोन इंजिनांवर सतरा तासांपर्यंत जातं, यावरून इंजिनं बंद ठेवल्याने किती फरक पडतो ते कळेल.

इंजिन बंद झालं, पण पहिली टाकी भरलेलीच राहते आणि उजवीकडच्या दोन्ही टाक्या उतरत जातात. कावडीचं एकच भांडं रितं होत गेलं तर जे होईल तेच इथे होतं: डावा पंख जड पडतो. तेव्हा क्रॉसफीड उघडा, म्हणजे पहिल्या टाकीतलं इंधन उजवीकडच्या एका इंजिनाला मिळेल. क्रम लक्षात ठेवा. आधी झडपा उघडायच्या, मग पहिल्या टाकीचा पंप चालू आहे आणि दाब आहे हे पाहायचं, आणि त्यानंतरच त्या इंजिनाच्या स्वतःच्या टाकीचा पंप बंद करायचा. उलट केलंत, तर लाटांवर खाली उडताना चालू इंजिनाचा पुरवठा तुटू शकतो. दर थोड्या वेळाने काटे कागदावर उतरवून घ्या. तोल हळूहळू सरकतो आणि नुसत्या नजरेने ते कळत नाही.

परतीच्या आधी क्रॉसफीड मिटवा, प्रत्येक टाकी पुन्हा आपल्या इंजिनाला जोडा, आणि मगच पहिलं इंजिन सुरू करा. ते सुरू होईलच असं गृहीत धरू नका. घरची वाट तीन इंजिनांवर कापता येईल एवढं इंधन हाताशी असतानाच गस्तीची जागा सोडा.

उतरल्यावर पाचही काट्यांचे आकडे नोंदवहीत लिहा आणि पुढच्या भरण्यात टँकरच्या मीटरशी ताडून पाहा. एखाद्या टाकीचा आकडा वारंवार जुळत नसेल, तर तो काटा दुरुस्त होईपर्यंत ती टाकी हाताने मोजून घ्या.