कुत्र्याने तंबाखू खाल्ल्यास तातडीचे उपाय

धाड (तालुका व जिल्हा बुलढाणा) व आसपासच्या गावांत गोठा आणि पीक राखण्याचे काम कुत्रा इमानाने करतो. त्याच गोठ्यात विडीची थोटके, तंबाखूची पुडी आणि माव्यावर फवारण्यासाठी केलेला तंबाखूचा काढा पुष्कळदा उघड्यावर राहतो. ही तिन्ही कुत्र्यास विषच होत.

विषाचे स्वरूप : तंबाखूतील निकोटीन मज्जातंतूंना प्रथम चेतविते व नंतर निकामी करते. वजनाच्या दर किलोस सुमारे 1 मिलिग्रॅम निकोटीन पोटात गेल्यास बाधा दिसते. 9 ते 12 मिलिग्रॅम गेल्यास मृत्यू संभवतो. एका सिगारेटमध्ये साधारणतः 9 ते 30 मिलिग्रॅम निकोटीन असते. म्हणजे दोन किलोच्या पिल्लास एक सिगारेटही प्राणघातक ठरू शकते.

लक्षणे : बहुधा पाव ते दीड तासात लाळ गळणे, वांती, हगवण, बेचैनी, धाप व थरकाप ही लक्षणे दिसतात. पुढे झटके येतात, अंग लुळे पडते व श्वास थांबतो.

काय करावे :
(1) तोंडातील उरलेली तंबाखू सांभाळून काढावी. अंगावर काढा सांडला असल्यास साबणाने धुवावा, कारण निकोटीन कातडीतूनही शोषले जाते.
(2) लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे किंवा 1962 या क्रमांकावर फिरते पथक मागवावे.
(3) काय, किती व केव्हा खाल्ले ते सांगावे. पुडी सोबत न्यावी.

काय करू नये : चुन्याची निवळी किंवा खाण्याचा सोडा देऊ नये. जठरातील आम्लात निकोटीन फारसे शोषले जात नाही. आम्लता घटताच ते रक्तात त्वरेने शिरते. मिठाचे पाणी पाजू नये, त्याचीही विषबाधा होते. झटके येत असता दूध वा तेल ओतल्यास ते फुप्फुसात जाते. आपोआप वांती झाली तरी धोका टळला असे समजू नये.

या विषावर खास उतारा नाही. पशुवैद्य औषधी कोळसा, सलाइन व झटक्यांवरील औषधे देऊन जनावर तगवितात. पहिले चार-पाच तास निभावल्यास बहुतेक कुत्री वाचतात. म्हणून सुरुवातीचा वेळ दवडू नये.

काढा झाकणाच्या भांड्यात, कुलपात ठेवावा. उरलेला चोथा खोल पुरावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकातच ही खबरदारी समजावून द्यावी.