सकाळी इंजिन का थरथरते?

मंडळी, ज्याचे पोट गाडीवर, त्याला गाडीचा स्वभाव ठाऊक हवा.

थंडीचे दिवस आहेत. पेट्रोलची गाडी रात्रभर अंगणात उभी होती. सकाळी चावी फिरवली. इंजिन सुरू झाले, पण अडखळू लागले. सारी गाडी थरथरते. पाच मिनिटांनी इंजिन तापले, की सगळे सुरळीत! मग आपण म्हणतो, "जाऊ द्या, झाली बरी." पण दुखणे आतच राहते.

असे का होते? पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळली, म्हणजे ठिणगीने चांगली पेटते. गार इंजिनात वाफ नीट होत नाही. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जरा जास्त द्यावे लागते. जुन्या गाडीत त्यासाठी चोक ओढीत. नव्या गाडीत हे काम छोटा संगणक करतो. इंजिन किती गार आहे, हे त्याला एक सेन्सर सांगतो. म्हणून गार इंजिन थोडा वेळ जोरात फिरते. तो बिघाड नव्हे. अडखळणे हा बिघाड.

त्याची कारणे अनेक. प्लग झिजला किंवा कॉइल कमजोर झाली, की ठिणगी चुकते. रबरी नळीला चीर गेली, की जादा हवा आत शिरते. थ्रॉटलमध्ये काजळी साचली, की हवेची वाट अडते. सेन्सर खोटे सांगू लागला, की पेट्रोलचे माप चुकते.

आता डोळे, कान आणि नाक वापरा.

काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो? पेट्रोल जास्त जात असेल.

फुस्स असा आवाज येतो? नळी तपासून घ्या.

थंडीत थोडी पांढरी वाफ निघतेच. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघतो आणि कूलंट कमी होते? मग कूलंट इंजिनात उतरत असेल. गाडी चालवू नका. मिस्त्रीला बोलवा.

इंजिनचा दिवा लुकलुकतो? गाडी थांबवा. न जळलेल्या पेट्रोलाने धुराच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. तो फार महाग असतो.

खरी अडचण पुढेच आहे. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत इंजिन तापते आणि बिघाड लपतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. रोग रेड्याला, औषध पखालीला! पैसे मात्र आपले जातात.

यावर उपाय आपल्या हातात आहे. जे दिसले ते लिहून ठेवा:

"सोमवार, सकाळचे ६. गाडी रात्रभर बंद. सुरू होताच ३ मिनिटे थरथर. धूर नाही. फुस्स आवाज येतो. दिवा लागला नाही."

ही चिठ्ठी मिस्त्रीला द्या. शक्य तर गाडी रात्री त्याच्याकडेच ठेवा. सकाळी गार इंजिन त्यालाच सुरू करू द्या. दिवा लागला असेल, तर यंत्र जोडून कोणता सिलिंडर चुकतो तेही पुष्कळदा कळते. त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावी. बिघाडही तिकडे गेला, तर दोष कॉइलचा.

एक ध्यानात ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. पण तो जीव घेतो.

प्रश्न
१. गार इंजिनाला पेट्रोल जास्त का लागते?
२. मिस्त्रीपुढे बिघाड का लपतो?
३. अशी एक चिठ्ठी आपल्या हाताने लिहा.